दुमडलेली बाही

"भाऊजी, आज तरी घाला हो ते स्वेटर. तुमच्याकडे बघून मलाच हुडहुडी भरते," वहिनी म्हणाली.

धाकट्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तो दादाच्या गळ्याचं बटण लावत होता. रोज सकाळचं हे काम त्याचंच. दादाच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच उरली होती. मधली तीन बोटं गेली त्या दिवसापासून धाकट्याने हे बटण दुसऱ्या कुणाला लावू दिलं नव्हतं. वहिनी लग्न होऊन घरात आली, तेव्हा तिलाही नाही.

"निम्मा नवरा यांच्याच ताब्यात," असं ती तेव्हा म्हणायची. आता तिचेही केस पिकले होते.

दोघे भाऊ दारं-खिडक्यांच्या कारखान्यात कामाला होते. करवतीच्या मशीनपाशी जाण्याआधी दादा रोज धाकट्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून द्यायचा. बाकीचे हसायचे. एके दिवशी धाकटा नवा शर्ट घालून आला आणि त्याने दादाचा हात झिडकारला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" दुपारी तीच लोंबती बाही पात्याकडे ओढली गेली. मशीन बंद व्हायची वाट न बघता दादाने पातं आणि धाकट्याचं मनगट यांच्यामध्ये आपला हात घातला. धाकट्याला साधं खरचटलंही नाही.

तेव्हापासून थंडी असो की ताप, त्याने लांब बाहीचं काही अंगात घातलं नाही. कारखान्यात त्याचं नावच हाफशर्ट पडलं. त्याच्या लग्नाचा विषय निघाला की तो उठून जायचा. चर्चमध्ये दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा आणि प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे पुढे गेले तरी जागचा हलायचा नाही.

आज मात्र गोष्ट वेगळी होती. भाकर वाटणाऱ्या म्हाताऱ्या सेवकाचे गुडघे धरले होते, म्हणून पाळकांनी ताट दादाकडे सोपवलं होतं. काल संध्याकाळभर दादा बिस्किटाचे तुकडे अंगठा आणि करंगळीत धरून सराव करत होता.

"घरभर चुरा केलाय," वहिनी म्हणाली. "डाव्या हाताने द्या की! कोण बघतंय?"

"देणार तर उजव्यानेच." दादा धाकट्याकडे वळला. "तू आज पुढे ये."

"दारापाशीच बरा आहे मी. ते दार नीट लागत नाही. कुणीतरी हवं तिथे."

"दार तूच बसवलंयस. चांगलं लागतं."

धाकटा बटणाशी उगीच चाळा करत राहिला. "कोणत्या तोंडाने येऊ, दादा? माझ्यामुळे तुझी बोटं गेली."

"गेली, गेली! म्हातारा झालास तरी तेच. गेली म्हणजे काय? बसमध्ये विसरायला ती काय छत्री होती?" दादाचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "अरे, मी दिली ती. तू मात्र अजून घेतलीच नाहीस. रोज थंडीत कुडकुडतोस आणि रोज मला परत करायला बघतोस."

"मग मी करू तरी काय?"

"काही करू नकोस. तेवढंच तर तुला जमत नाही."

चर्चमध्ये धाकटा नेहमीच्या जागी बसला. दार घट्ट लागलं होतं. पाळकांनी भाकर मोडली आणि ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाचे शब्द उच्चारले. त्यात 'दिले' हा शब्द आला. जन्मभर ऐकलेला शब्द, पण आज तो दादाच्या आवाजात ऐकू आला. धाकट्याने वधस्तंभाकडे पाहिलं. पापांसाठी प्राण दिला, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. दिलेलं घ्यावंही लागतं, हे कधी मनातच आलं नव्हतं.

रांग पुढे सरकत होती. दादा एकेक तुकडा सांभाळून उचलत होता. रांग संपली, शेवटची बाई जागेवर जाऊन बसली, तरी दादा ताट घेऊन उभाच. पाळक खाकरले. दादाने मान वळवली नाही. तो दाराकडे बघत होता.

धाकटा उठला. मधली वाट सरता सरेना. दादासमोर येऊन त्याने ओंजळ पुढे केली. उघड्या हातांवर काटा आला होता.

दादाने तुकडा उचलला. सकाळपासून एकही पडला नव्हता, हा मात्र अंगठ्यातून निसटला. खाली धाकट्याची ओंजळ होतीच.

"घे," दादा पुटपुटला.

धाकट्याने भाकर तोंडात घातली.

उपासनेनंतर चर्चच्या पायरीवर वहिनीने पिशवीतून स्वेटर काढलं. दर थंडीत ती ते पिशवीत घालून आणायची आणि तसंच परत न्यायची. धाकट्याने मुकाट्याने ते डोक्यातून घातलं. वहिनीने विणलं तेव्हा तो चांगला अंगापिंडाने भरलेला होता. आता बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"घरी गेल्यावर उसवून आखूड करते," वहिनी म्हणाली.

"राहू दे," दादा म्हणाला.

त्याने धाकट्याचा हात जवळ ओढला आणि अंगठा आणि करंगळी यांच्या चिमटीत बाही धरून दुमडू लागला. लोकर सुटायची, तो पुन्हा धरायचा. वेळ लागत होता. वहिनी मदतीला पुढे झाली आणि थांबली.

धाकटा हात पुढे धरून उभा राहिला. एक बाही झाल्यावर त्याने दुसरा हात पुढे केला.