अस्तर उसवलेला पडदा

मित्रांनो, पडदा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर नाटकाचा मखमली पडदा येतो. तो मी नव्हे. मी एका स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. माझा मूळ रंग लिंबासारखा पिवळा होता. आता कुणी मला पांढरा म्हणते, कुणी मळका. माझ्या कडेने बारीक भोकांची एक रांग आहे. पुष्कळांना वाटते, कसर लागली. कसर नव्हे. त्या भोकांचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

मी जन्मलो तो कापडाच्या दुकानातल्या एका ताग्यातून. तिथे जाड, भारदस्त, फुलाफुलांची कापडे होती आणि त्यांच्यात मी सर्वांत पातळ. दुकानदार मला दाखवायलाही काचकूच करत होता. म्हणाला, "ताई, हे नका घेऊ, आरपार दिसतं."

"मला तसंच हवंय," ताई म्हणाल्या.

या ताई म्हणजे केकताई. त्या घरी केक करून विकत. सारी गल्ली त्यांना केकताईच म्हणे. त्यांच्या कामाचे टेबल खिडकीपाशी होते, कारण रंग कालवायला दिवसाचा उजेड लागतो. दिव्याखाली गुलाबी आणि नारिंगी सारखेच दिसतात, हे त्या एका नवरीच्या केकवर शिकल्या होत्या. पण ऊन थेट पडले तर क्रीम पाघळते. म्हणून हवा होता माझ्यासारखा पडदा, उजेड आत घेणारा आणि ऊन बाहेर ठेवणारा. सकाळी त्या मला ओढून घेत आणि दिवेलागणीपर्यंत मी तसाच असे.

मला शिवले आजींनी, म्हणजे केकताईंच्या सासूबाईंनी. हातशिलाईत आजींचा हात धरणारे कुणी नव्हते. शिवताना त्यांची अखंड बडबड चाले. "एवढं पातळ कापड घेतलंय, जसं काही पैसे वजनावर द्यायचे होते!" पण टाके कसे पडले म्हणता! एकासारखा एक.

काय दिवस होते ते! घरभर लोण्याचा आणि व्हॅनिलाचा वास. टेबलाखाली भिंगरी, म्हणजे ताईंची लेक, भांड्याला उरलेले क्रीम बोटाने निपटून खात बसलेली. एका जागी दोन क्षण ठरत नसे, म्हणून तिचे नाव भिंगरी. केक तयार झाला की ताई त्याचा फोटो काढत, आणि तो नेमका माझ्यासमोर. किती मुलांच्या वाढदिवसांच्या फोटोंत मी मागे उभा आहे! कुणाच्याही ते लक्षात येत नाही. पण मला आपला अभिमान वाटे.

गल्ली अरुंद होती. समोरच्या इमारतीतली खिडकी इतकी जवळ, की आजी आणि समोरच्या काकू खिडकीतूनच भाजी निवडत गप्पा मारत. संध्याकाळी दोघी मिळून फिरायला जात. काकूंचा नवरा मोठा अदबशीर माणूस. सगळ्यांना "नमस्कार, नमस्कार" म्हणायचा. मुलांचा चेंडू आत आला तर परत द्यायचा.

आणि एके सकाळी, काकू घरी नसताना, तो खिडकीत उभा राहिला. अंगावरचे कपडे त्याने मुद्दाम बाजूला केले होते. शरीराचा जो भाग माणूस झाकून ठेवतो तो दाखवत तो ताईंच्या खिडकीकडे बघत होता.

ताईंनी मान खाली घातली. हातातली क्रीमची पिशवी टेबलावर ठेवून दिली. अंघोळीहून आला असेल, लक्ष नसेल, अशी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. काही दिवसांनी पुन्हा तेच घडले. त्यांनी टेबल भिंतीकडे सरकवले, पण तिथे उजेड नव्हता, म्हणून ते परत खिडकीशी आणावे लागले.

तिसऱ्या वेळी त्याने किल्लीने आपल्या खिडकीच्या गजावर वाजवले. टक, टक, टक. ताईंनी वर बघावे म्हणून. आता लक्ष नसण्याचा प्रश्नच उरला नाही. तो आवाज ऐकून भिंगरी टेबलाखालून बाहेर आली. "आई, कोण वाजवतंय?" ताईंनी झटकन तिला कवेत घेतले, तिचे तोंड आपल्या पोटाशी दाबले आणि तशाच आतल्या खोलीत गेल्या. केकवर अर्धेच नाव लिहून झाले होते. ते त्या दिवशी वाळून गेले.

दुपारी भिंगरीचे बाबा घरी आल्यावर ताईंनी सगळे सांगितले. त्यांचा चेहरा लाल झाला. ते उठले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "आपण जाड पडदा लावू या का?"

"आणि मी रंग कुठे बघू? मोरीत?"

"तसं नाही गं. उगाच बोभाटा होईल. आजूबाजूला लोक काय..."

"आज भिंगरी टेबलाखाली होती. उद्या खिडकीत असेल."

बाबा उठले. त्यांनी पायांत चपला सरकवल्या. "चल. मी येतो."

पोलीस चौकीतली हकिगत मला ताईंच्या तोंडूनच कळली. हवालदार म्हणाले होते, "बाई, शेजारचेच आहेत ना? समजावून सांगू का त्यांना?" ताई म्हणाल्या, "समजलंय त्यांना. नसतं समजलं तर किल्ली कशाला वाजवली असती? तुम्ही लिहून घ्या." मग त्यांनी लिहून घेतले.

ताई परत आल्या तरी आजींना चैन पडेना. समोर मैत्रिणीची खिडकी, घरात रडलेली सून. हाताला काही काम हवे म्हणून त्या उठल्या, कपाटातून एक जुनी तपकिरी चादर काढली, मला दांडीवरून उतरवले आणि ती चादर माझ्या पाठीला शिवून टाकली. अस्तर लावले. मित्रांनो, त्यात द्वेष नव्हता, माया होती. पण सकाळी मला टांगले तेव्हा स्वयंपाकघरात अंधार झाला. माझ्या जन्मात पहिल्यांदाच माझ्यातून ऊन आले नाही.

त्याच दिवशी पोलीस जागा पाहायला आले. जे दिसेल ते साक्षीदारांसमोर लिहून काढायचे, याला पंचनामा म्हणतात. त्यांनी मला चिमटीत धरून पाहिले आणि लिहिले, "खिडकीस जाड दुहेरी कापडाचा पडदा." सही करताना ताईंचे लक्ष आत रडणाऱ्या भिंगरीकडे होते. मला ओरडून सांगावेसे वाटले, काल मी असा नव्हतो हो! पण पडद्याला तोंड कुठे असते?

मग काकू आल्या. आजींच्या शेजारी नेहमीच्या जागी बसल्या, पण भाजी आणली नव्हती. "तू तक्रार मागे घे गं पोरी," त्या ताईंना म्हणाल्या. "माझ्याकडे बघून तरी. मी कुठे तोंड दाखवू?"

ताई कितीतरी वेळ टेबलाचा कोपरा पुसत राहिल्या. सरकारी वकीलबाईंनी त्यांना सांगितले होते, "खटला तुमचा नाही, सरकारचा आहे. तुम्ही त्यातल्या साक्षीदार. पण तुम्ही बोलला नाहीत तर सरकारला डोळेच नाहीत." तेच त्यांनी आपल्या शब्दांत काकूंना सांगितले. "आता मागे घेणं माझ्या हातात नाही, काकू. माझ्या हातात एवढंच आहे. विचारलं की जे झालं ते सांगायचं."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर भिंगरीला मी काय शिकवू?"

काकू उठून गेल्या. त्या दिवसापासून आजींचे फिरणे बंद झाले. कोर्टात येणार का, असे ताईंनी एकदाच विचारले. आजी म्हणाल्या, "मला यात ओढू नकोस. माझी एकच मैत्रीण आहे." ताईंनी पुन्हा विषय काढला नाही.

तारखांमागून तारखा पडत गेल्या. ताई कोर्टात जात, बाकावर बसून राहत आणि परत येत. ऑर्डरी घटल्या. दिव्याखाली कालवलेले रंग फसू लागले. एका छोट्याच्या केकवरचा निळा हत्ती हिरवा निघाला. त्याची आई हसून "असू दे, आजारी असेल" म्हणाली, पण पुन्हा आली नाही. आणि अखेर ताईंच्या साक्षीचा दिवस उजाडला.

परत आल्या तेव्हा त्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या. बाबांनी आजींना सांगितले. त्या माणसाच्या वकिलाने पंचनामा वाचून विचारले, एवढ्या जाड पडद्यातून बाईंना दिसले कसे? ताई म्हणाल्या, अस्तर नंतर लावले. तो म्हणाला, "छान! आणि हे आम्ही कुणाच्या शब्दावर मानायचं?" लोक हसले. अदबीने "नमस्कार, नमस्कार" म्हणणारा तो माणूसही हसला.

आजी ऐकत होत्या. त्या उठल्या, कात्री घेतली आणि माझ्याकडे आल्या. मला वाटले, आता हे ओझे उतरणार! त्यांनी पहिला टाका कात्रीत धरलाही.

"आई, नको!" ताई ओरडल्या. "उसवू नका. वकीलबाई म्हणाल्यात, तो पुरावा आहे, आहे तसाच राहू दे."

आजींनी कात्री खाली ठेवली. बराच वेळ त्या माझी कड बोटांनी चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "मला विचारतील का गं? मी गेले तर?"

अशा रीतीने, मित्रांनो, मी कोर्ट पाहिले. कापडी पिशवीत घडी होऊन, आजींच्या मांडीवर. बाहेरच्या बाकावर काकू बसल्या होत्या. आजी त्यांच्यासमोरून गेल्या तेव्हा पिशवी त्यांनी छातीशी घट्ट धरली होती. 

वकीलबाईंनी विचारले, "हे अस्तर कुणी लावलं?"

"मी."

"केव्हा?"

"सून तक्रार देऊन आली ना, त्याच संध्याकाळी. पोलीस आले दुसऱ्या दिवशी."

त्या माणसाचा वकील उठला. "आजीबाई, सुनेसाठी सगळेच बोलतात. याला पुरावा काय?"

"पुरावा?" आजी क्षणभर गडबडल्या. मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "अगं, त्या दिवशीच्या केकचा फोटो नाही का? अर्धं नाव लिहिलेल्या?"

होता! तो केक वेळेवर देता येणार नाही, हे सांगायला ताईंनी त्याचा फोटो त्याच सकाळी गिऱ्हाइकाला पाठवला होता. वकीलबाईंनी तो मागवून घेऊन न्यायाधीशांसमोर ठेवला. वाळलेल्या अर्ध्या नावामागे मी होतो. पिवळा, पातळ, उन्हाने भरलेला. आणि माझ्यातून समोरच्या खिडकीचे गज मोजता येत होते. एवढी वर्षे फोटोंत मागे उभे राहिलो, त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी मला पाहिले.

"पण अस्तर लावलंतच कशाला?" न्यायाधीशांनी आजींना विचारले. आवाजात राग नव्हता.

आजींनी पदर सावरला. "सून कुणाला दिसू नये म्हणून, साहेब. लाज त्याने सोडली, आणि पडदा मी सुनेला लावला."

या वेळी कुणी हसले नाही.

त्या माणसाला न्यायाधीशांनी दोषी ठरवले. शिक्षा फार मोठी नव्हती. ताई निकाल ऐकून घरी आल्या आणि आधी ओव्हन पुसायला लागल्या. आनंदाने उड्या वगैरे कुणी मारल्या नाहीत. शिक्षा भोगून तो आल्यावर समोरचे बिऱ्हाड दुसरीकडे गेले. सामान उतरत होते तेव्हा आजी खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला. काकूंनी केला नाही. पण खिडकी लावून घेण्याआधी त्या थोडा वेळ तशाच थांबल्या. आजींनी ते पाहिले, आणि मीही.

कोर्टाने मला परत दिले तेव्हा आजींनीच अस्तर उसवले. टाके इतके पक्के, की अख्खी दुपार गेली. "मेली माझी शिलाई!" म्हणत त्यांनी चादर काढली खरी, पण सुईची भोके राहिली. सकाळी मला पुन्हा टांगले आणि स्वयंपाकघर उजळले. भोकांतून उन्हाचे टिपके टेबलावर उतरले. भिंगरी ते बोटाने टिपायला गेली. ताई हसल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी गुलाबी रंग कालवायला घेतला, आणि तो गुलाबीच झाला.

आता आजी नाहीत. घराला नवे, गडद पडदे आले, आणि मी माळ्यावर भांड्यांवर पडून राहिलो. झुरळांनी घर केले, धुळीने रंग खाल्ला. कुणाला आठवण नव्हती. परवा मात्र भिंगरी माळ्यावर चढली. ती मोठी झाली आहे, परगावी नोकरीला निघाली आहे. तिने मला झटकले, उजेडात धरले आणि विचारले, "आई, ही भोकं कसली गं? कसर?"

ताईंनी तिला शेजारी बसवले आणि सगळे सांगितले. अगदी सगळे. भिंगरी ऐकताना जागची हलली नाही, असे बहुधा पहिल्यांदाच झाले असेल.

मग ती म्हणाली, "हा मी नेते. माझ्या खोलीला."

"अगं, आरपार दिसतं त्यातून," ताई म्हणाल्या, आणि स्वतःच थबकल्या.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. तुमच्या घरातल्या पडद्यांना अधूनमधून धुवा, उन्हात वाळवा. आणि तुमच्यापैकी कुणाला एखाद्या मोठ्या माणसाचे वागणे नकोसे वाटले, भीती वाटली, तर ते पोटात ठेवू नका, घरी सांगा. ज्यांना सांगाल त्यांनाही माझा निरोप द्या. आधी नीट ऐकून घ्या म्हणावे. सुईदोरा शोधायला धावू नका.

मला आता धुवायला भिजत घातले आहे. उद्या वाळेन, परवा भिंगरीच्या पिशवीत घडी होईन. तिच्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला आहे, ते मात्र अजून कुणी बोलले नाही. पूर्वेला असली तर बरे.