तीन सामने बरोबरीत

अनघाला कुणी जुगारी म्हटलं असतं, तर तिच्या ऑफिसातली माणसं पोट धरून हसली असती. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका विमा कंपनीत ती दर ठरवायची. पंचेचाळिशीतला, सिगारेट ओढणारा, साखरेच्या गोळ्या खाणारा माणूस आणखी किती जगेल आणि त्याच्याकडून दरवर्षी किती हप्ता घ्यावा, या हिशेबात तिची बारा वर्षं गेली होती. अशा बाईला नशिबाचं काय कौतुक असणार! लॉटरीच्या रांगेतल्या माणसांकडे ती अशा नजरेने बघायची, की त्यांनी मुकाट्याने रांग सोडून घरी जावं.

आणि देवाची करणी बघा, तिचाच सख्खा धाकटा भाऊ राजस, सीमेईच्या फ्लॅटमध्ये तिच्या शेजारच्या खोलीत राहून, दोन वर्षं फुटबॉलवर पैसे लावत होता. बाईसाहेबांना पत्ता नाही. मार्चमध्ये वसुलीवाल्यांचा फोन थेट तिला आला तेव्हा कळलं, तेहेतीस हजार डॉलर गेलेत. राजस तिच्यासमोर ढसाढसा रडला, आईची शपथ घेतली आणि मेमध्ये पुन्हा त्याच रांगेत उभा राहिला. अनघाने त्याच्या वाटणीचं भाडं भरलं, पुण्याला आईबाबांना काही कळू दिलं नाही आणि हुशार मुलगा आहे, सुटेल यातून, असं धरून चालली. आपल्या माणसाची गोष्ट आली की भले भले हिशेबी लोक आंधळे होतात.

आता डिसेंबरात त्याचं लग्न होतं. मुलगी इथलीच, गार्गी. नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात ती स्पीच थेरपिस्ट होती. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवायची. शांत होती, पण विचारायचं ते डोळ्यांत बघून विचारायची. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर तिने अनघाला बोलावून घेतलं.

"ताई, सोमवारी आम्ही जॉइंट अकाउंट उघडतोय. माझी सहा वर्षांची सगळी शिल्लक मी त्यात टाकणार आहे, घरासाठी," ती म्हणाली. "त्याआधी एक विचारते. राजसबद्दल मला माहीत असायला हवं असं काही आहे का? शनिवार-रविवारी तो समोर असतो आणि नसतोही. मी बोलते आणि तो फोनकडे बघत राहतो. काही विचारलं की म्हणतो, ताईला विचार. म्हणून विचारतेय. तुम्ही सांगाल ते मी खरं धरीन."

सगळं अनघाच्या ओठांवर आलं होतं. पण हे लग्न मोडलं तर राजस पुरता बुडेल, या भीतीने तिने ते गिळलं. "मला रविवारपर्यंत वेळ दे," ती म्हणाली. "रविवारी नक्की सांगते." गार्गीने मान हलवली. असं उत्तर म्हणजे अर्धं उत्तर झालं, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती, पण तिने ताणलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर अनघा राजससमोर वही-पेन घेऊन बसली.

"मला शिकव," ती म्हणाली.

"काय?"

"भाव कसे असतात, पैजा किती प्रकारच्या, पैसे परत कसे येतात. सगळं."

राजस आधी दचकला. मग ताई खरंच विचारतेय असं दिसल्यावर खुलला. "सगळ्यात साधी पैज म्हणजे निकालाची. घरचा संघ, पाहुणा संघ, नाहीतर बरोबरी. भाव दोन असेल तर शंभर लावून दोनशे येतात, पण त्यात तुझे शंभर धरलेले असतात हं. मुंबईचा बुकी ऐंशी पैसे म्हणतो तेव्हा नुसत्या नफ्याचं बोलतो. इथे मुद्दलासकट आकडा सांगतात. दुसरी पैज हँडिकॅपची. तगड्या संघावर दीड गोलाचं ओझं टाकायचं. तो निदान दोन गोलांनी जिंकला तरच तुझे पैसे. नाहीतर एकूण गोल धर, अडीचच्या वर होतात की खाली. आणि दोन-तीन सामने एकाच चिठ्ठीत गुंफले की भावांचा गुणाकार होतो. फक्त एक जरी चुकला तरी सगळं गेलं."

बोलताना त्याचे हात चालत होते, चेहरा उजळला होता. इतकं मन लावून बोलताना अनघाने त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"उद्याचा एखादा सामना सांग."

राजसने फोनमध्ये बघून जपानच्या लीगमधला एक सांगितला. घरच्या संघाचा भाव दोन, बरोबरीचा तीन पॉइंट वीस, पाहुण्यांचाही तीन पॉइंट वीस.

"आता शंभराला या प्रत्येक भावाने भाग," अनघा म्हणाली. "पन्नास. सव्वाएकतीस. पुन्हा सव्वाएकतीस. बेरीज?"

"एकशे साडेबारा."

"सगळ्या शक्यता मिळून शंभरच टक्के असतात. मग वरचे साडेबारा कुणाचे?"

राजसने खांदे उडवले.

"दुकानाचे. तू जिंक नाहीतर हर, ते भावातच कापून घेतलेत. शंभर लावलेस तेव्हाच अकरा गेले, चेंडूला पाय लागायच्या आधी. असं आठवड्यामागून आठवडे केलंस, की तेहेतीस हजार कुठे गेले हे विचारायला ज्योतिषी लागत नाही."

"तुझी कंपनी वेगळं काय करते गं?"

"तेच करते. म्हणून तर मला ठाऊक आहे."

राजस हसला. "हे सगळं सरासरीचं झालं, ताई. मी सरासरी नाही. मी अभ्यास करतो."

पालथ्या घड्यावर पाणी! अनघाचं डोकंच फिरलं. तिने वही मिटली. "हातच्या काकणाला आरसा कशाला? उद्या मी लावते आणि तू बघ. जपानचे तीन सामने, तिन्ही बरोबरीत, एकाच चिठ्ठीत. तीन ठिकाणी दुकानाची कात्री लागते. शंभरातले तीस तर लावतानाच जातात. आणि तिन्ही बरोबरीत सुटायची शक्यता दोन टक्के. शंभर डॉलर तुझ्या डोळ्यांदेखत बुडवते. बुडाले की रविवारी तू स्वतः गार्गीला सगळं सांगायचंस, आणि पैजा लावायला स्वतःवर बंदी घालून घ्यायचा अर्ज भरायचास."

"आणि जिंकलीस तर?"

"दोन टक्के, राजस."

"पण जिंकलीस तर?"

"तर गार्गीला मी एक अक्षर सांगणार नाही. झालं समाधान?" ती फणकाऱ्याने म्हणाली.

ऑफिसात दोन टक्क्यांच्या जागी तिने कधी शून्य लिहिलं नव्हतं. दोन टक्क्यांत माणसं मरतात, कारखाने जळतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? एका उदाहरणाने काहीच सिद्ध होत नाही, हे नव्याने आलेल्या पोरांना ती पहिल्याच दिवशी बजावायची. पण रागाच्या भरात आणि मोठ्या बहिणीच्या तोऱ्यात ती हे सगळं विसरली. शहाण्यांची फजिती दुसऱ्या कुठे होत नाही, घरातच होते.

शनिवारी दुपारी दोघं ब्लॉकखालच्या पूल्सच्या, म्हणजे सरकारमान्य पैजांच्या, दुकानात गेले. रांगेत अर्ध्या चड्डीतले चिनी अंकल होते, कानावर पेन, हातात भावांचे छापील कागद. ज्यांची नावं धड उच्चारता येईनात अशा तीन गावांच्या सामन्यांवर अनघाने बरोबरीच्या खुणा केल्या. तिन्हींचा भाव तीन पॉइंट वीस. शंभराची नोट देताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसातल्या कुणी पाहिलं तर, म्हणून तिने मान खाली घातली होती. मग चिठ्ठी घेऊन दोघं शेजारच्या कॉफीशॉपमध्ये बसले आणि राजसने फोन मध्ये ठेवला. त्यावर चित्र नव्हतं, नुसते गोलांचे आकडे बदलायचे.

पहिला सामना शून्य-शून्य सुटला. "लागतो एखादा," अनघा म्हणाली. दुसरा एक-एक. राजसने तिच्याकडे पाहिलं. ती कॉफी ढवळत राहिली. तिसऱ्यात घरचा संघ एका गोलने पुढे होता आणि शेवटची दोन मिनिटं उरली होती. म्हणजे हरलोच. ठरवल्यासारखं सगळं होत होतं, राजस उद्या गार्गीला सांगणार होता, अनघाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट आवळली होती आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, एक, फक्त एक.

पंचाची जादा मिनिटं सुरू झाली. आकडा बदलला. एक-एक.

"गोल!" अनघा ओरडली. खुर्ची मागे पडली, कॉफी सांडली, आणि पस्तिशी उलटलेली ही बाई भरल्या दुकानात हात वर करून उभी राहिली. त्यानंतरची दोन मिनिटं तिने उभ्यानेच काढली. सामना संपला तसा शेजारच्या टेबलावरचा अंकल अंगठा दाखवून "हुआत आ!" म्हणाला. इथल्या माणसांचं नशीब फळफळलं की ती असं ओरडतात.

शंभराचे तीन हजार दोनशे शहात्तर डॉलर आणि वर ऐंशी सेंट. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, तोही असा, की शेपूट उंचावून उडत निघाला.

राजसने तिला मिठीच मारली. "तेहेतीस हजारांतला दहावा हिस्सा, ताई! एका दुपारी! दोन टक्के म्हणत होतीस ना? आले की नाही?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता गार्गीला काही सांगायला नको. असे आणखी थोडे शनिवार मिळाले की मी सगळं फेडून टाकतो. लग्नाआधी कोरा होतो. तिची शिल्लक जागच्या जागी राहील, शप्पथ."

एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे सांगायला अनघाने तोंड उघडलं. छातीत अजून धडधडत होतं, अंगभर गोड ऊब पसरली होती, जी बारा वर्षांत कुठल्या बढतीनेही तिला दिली नव्हती. आणि तिच्या तोंडून आलं ते असं:

"संध्याकाळी कुठले सामने आहेत?"

राजसचा चेहरा फुलला. त्याने लगेच फोन हातात घेतला आणि नावं वाचायला लागला. अनघाने आपलाच आवाज ऐकला आणि ती भानावर आली. तो अभ्यास करतो म्हणून अडकलेला नव्हता, मूर्ख म्हणूनही नव्हता. त्याला रोज जे वाटत होतं ते तिला आज पहिल्यांदा वाटलं होतं, आणि त्या धुंदीपुढे वहीतली बेरीज फिकी होती. बेरजेने तो सुटणार नव्हता. आणि या सगळ्यात तिने पणाला लावलं काय होतं? शंभर डॉलर? तिने त्या मुलीची सहा वर्षं लावली होती, तिला न विचारता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने पर्समधून फोन काढला आणि गार्गीला लावला.

"गार्गी, सोमवारी अकाउंट उघडू नकोस."

राजस वाचता वाचता थांबला. पलीकडून गार्गी म्हणाली, "काय आहे, ताई?"

"तो फुटबॉलवर पैसे लावतो. दोन वर्षं झाली. मला मार्चपासून माहीत आहे आणि मी तुला सांगितलं नाही."

"किती हरलाय?"

"तेहेतीस हजार. आज मात्र जिंकलोय. मीच लावले, त्याला धडा शिकवायला, आणि जिंकले. म्हणून उद्यापर्यंत थांबले नाही. उद्या मी तुझ्याशी खोटं बोलले असते."

"ताई, शब्द दिला होतास," राजस म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी खेळणं हिसकावल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"दिला होता," ती त्याला म्हणाली. "पण तो माझा नव्हताच द्यायला."

"तो तिथे आहे का?" गार्गीने विचारलं. तिचे शब्द स्वच्छ होते. "त्याला द्या फोन. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. तो जे म्हणेल त्यावर मी ठरवीन."

अनघाने फोन पुढे केला. "राजस, बोल तिच्याशी. आत्ता बोललास तर अजून काहीतरी उरेल."

राजसने फोनकडे पाहिलं. मग पूल्सच्या दुकानाकडे पाहिलं. पुढच्या सामन्याला थोडा वेळ उरला होता आणि रांग वाढत चालली होती. त्याने टेबलावरची जिंकलेली चिठ्ठी उचलली.

"पाच मिनिटं," तो म्हणाला. "आधी हे पैसे घेतो, एक लावून येतो, मग बोलतो. तिला सांग." आणि तो जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला.

"ताई?" फोनमधून गार्गी विचारत होती. "काय म्हणाला तो?"

अनघाला सावरून घ्यायची सवय होती. बाथरूमला गेलाय, रडतोय, बोलवत नाहीये, सगळी वाक्यं तयार होती. तिने फोन कानाला लावला आणि राजस जे म्हणाला होता, ते गार्गीला जसंच्या तसं सांगितलं.