वास पिणारा दगड

सोमवारी सकाळी नऊ वाजता बोटींच्या कारखान्यात अठरा माणसं कॉफीचे कप धरून, डोळे मिटून एका काळ्या कापडी पिशवीभोवती बसली होती. बाहेर उणे बावीस अंश. आत रेझीनचा असा भपकारा की हातातल्या कॉफीचाही वास लागू नये.

"बोलू नका," मालकाने बोलावलेला मांत्रिक, लोकरी टोपीतला ओस्मो हळू आवाजात म्हणाला. "हा दूर उत्तरेतल्या लाप्लंडच्या पवित्र डोंगरावरचा दगड. याला गोंगाट सोसत नाही. पंधरा मिनिटं शांत बसा, विषारी वाफा तो पिऊन टाकेल."

कॉफी पीत गप्प बसायला तिथल्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. पंधरा मिनिटं टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मग ओस्मोने विचारलं, "येतोय वास?"

अठरा नाकं हुंगू लागली. "नाही बुवा," बोटींच्या सांगाड्यावर रेझीन चढवणारा म्हातारा वेइक्को म्हणाला. "गेला की."

मालक रंटालाला तर आभाळ ठेंगणं झालं. 'पंख्याने दगडाची शक्ती विस्कटते,' असं ओस्मोने सांगितल्यापासून त्याने वाफा बाहेर ओढणारा मोठा पंखा बंदच ठेवला होता. पंखा वाफांबरोबर ऊबही बाहेर फेकायचा, हे रंटालाचं जुनं दुखणं.

सव्वीस वर्षांची इल्मा मात्र डोळे उघडे ठेवून बसली होती. रसायनशास्त्र शिकलेल्या या मुलीला कामगारांनी शरद ऋतूत आपली सुरक्षा प्रतिनिधी निवडलं होतं, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं. तिने वायू मोजायचा मीटर पुढे धरला. आकडा सुरक्षित मर्यादेच्या तिप्पट.

"यंत्राला शक्ती दिसत नाही," ओस्मो म्हणाला.

"माझं नाक चाळीस वर्षं रेझीनमध्ये मुरलंय, पोरी," वेइक्कोने दुजोरा दिला. "ते खोटं बोलेल होय?"

"तुझं नाक राहू दे. मागच्या आठवड्यात शिडीवरून पाय का घसरला तुझा?"

"वय झालं. दुसरं काय."

इल्माने मनाशी दिवस मोजले. गुरुवारी कॉफीनंतर वेइक्को नव्या बोटीच्या पोटात उतरणार होता. तिथे एकच तोंड, वाफा निघायला जागा नाही. मास्क घातला तर दगड रुसतो, असं ओस्मोने बजावलेलं. आत चक्कर आली, तर म्हाताऱ्याला बाहेर काढेपर्यंत उशीर होणार होता.

गुरुवारी ओस्मो मालकाच्या खोलीत गप्पा मारत होता, तेव्हा इल्माने कॉफी करणाऱ्या हेल्वीला गाठलं. "डब्यात बटाटा आहे?"

"सूपसाठी आणलाय. का गं?"

टेबलावर राहिलेल्या काळ्या पिशवीत बटाटा गेला. दगड हेल्वीच्या कोटाच्या खिशात गेला आणि हेल्वी कुरकुरत बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली.

आत पुन्हा कॉफी, पुन्हा मौन. पंधरा मिनिटांनी ओस्मोने हात पसरले. "येतोय वास?"

"अजिबात नाही," वेइक्को म्हणाला. "आज तर सोमवारपेक्षा लवकर गेला."

इल्माने दार उघडलं. "हेल्वी, ये आत."

हेल्वी दोन पावलं आली आणि तिने नाकावर मफलर दाबला. "अरे, बसता कसे तुम्ही इथे? डोळे चुरचुरतायत माझे."

"संशयी माणसाला वास येणारच," ओस्मो म्हणाला.

"मग दगडालाच विचारू. उघडा पिशवी."

ओस्मोने दोन्ही हातांनी, मोठ्या आदराने पिशवी उघडली. बटाटा निघाला. सगळ्या माना पुढे झुकल्या.

"शक्ती बटाट्यात उतरली," ओस्मो सावरून म्हणाला. "पिशवी तीच आहे ना."

हेल्वीने खिशातून दगड काढून टेबलावर ठेवला. "आणि हा बाहेर काय पीत होता, बर्फ? आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, सौनाच्या भट्टीत असले दीड टोपली दगड पडलेत. बघा, एका बाजूने भाजलाय."

वेइक्को सगळ्यांत आधी हसला. मग गंभीर झाला. "पण वास खरंच गेला, इल्मा. तो कुठे गेला?"

"कुठेच नाही. एकच वास येत राहिला की नाक थकतं, मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटं गप्प बसवायचं, बस्स. वाफ इथेच आहे, तुझ्या छातीत जातेय. तू शिडीवरून घसरलास तो वयामुळे नाही, या वाफेने भोवळ येऊन." तिने मीटर टेबलावर ठेवला. आकडा सोमवारचाच.

वेइक्कोने आकडा वाचला. मग उठला आणि मालकाला न विचारता त्याने पंख्याचा खटका दाबला. रंटालाने तोंड उघडलं, आकडा पाहिला आणि मुकाट्याने जाकीट चढवलं. ओस्मो कधी सटकला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नळीने बाहेरची हवा देणारा मास्क लावून वेइक्को बोटीत उतरला. तोंडाशी एक जण नजर ठेवून बसला. तासाभराने म्हातारा घामाघूम होऊन वर आला. "या मास्कमध्ये माणूस उकडून निघतो," एवढीच त्याची तक्रार.

तुमच्या कारखान्यात कुणी असा वास घालवून दाखवला, तर वाद घालत बसू नका. बाहेर जा, पंधरा मिनिटं मोकळी हवा घ्या आणि परत येऊन हुंगा. वास आला तर पंखा लावा. नाही आला तरी मोजा, कारण नाकाला आकडे कळत नाहीत.