तारखेची जागा

"उलटा करा आणि पाठीवर कोरा. हाय काय अन् नाय काय!" असं म्हणत बांधकाम खात्याच्या कारकुनाने टेम्पोतून उतरवलेल्या दगडावर आपली बॅग ठेवली.

दगड कोरणाऱ्या काकांनी आधी ती बॅग उचलून स्टुलावर ठेवली. दगडावर कुणी काही ठेवलेलं त्यांना खपत नसे. मग दोघांनी मिळून तो दोन इंच जाडीचा पांढरा संगमरवर कडेवर उभा केला आणि काका म्हणाले, "वाचा."

कारकून वाकून दगडामागे गेला. पाठीवरही अक्षरं होती, वरपासून खालपर्यंत.

"मागच्या बाजूलाही सरकारच आहे, भाऊसाहेब. ते आधीचं. त्यांनी दवाखान्याची पायाभरणी केली. मग सरकार बदललं, तुमच्याच ऑफिसने दगड काढून आणला, मी उलटा करून पुढचं कोरलं. ते उद्घाटन. आता तिसरी बाजू कुठून आणू?"

"मी तेव्हा दुसऱ्या ऑफिसला होतो हो."

"तुम्ही सगळे तेव्हा दुसऱ्या ऑफिसलाच असता."

कारकून ओशाळून हसला. माणूस वाईट नव्हता. परवा सकाळी मंत्री येणार होते, त्याच दवाखान्याचं पुन्हा एकदा उद्घाटन करायला. पुढच्या आठवड्यात निवडणूक जाहीर झाली की राज्य सरकारला असल्या फिती कापता येत नाहीत. नवा दगड यायला चार दिवस लागले असते, आणि चार दिवस कुणाकडेच नव्हते.

"मग असं करा, पुढची बाजू घासून सपाट करा आणि तिथेच नवा मजकूर कोरा," तो म्हणाला. "माझा हात दगडाखाली सापडलाय, काका. नाही म्हणू नका."

"पण पुन्हा उद्घाटन कशाचं?"

"श्रेणीवाढ झालीय."

"कशाची? दाराला लावलेल्या कुलपाची?"

कारकुनाने स्टुलावरची बॅग उघडली. त्याने मजकुराचा कागद पुढे केला. काकांनी चष्मा लावून वाचला. नावं नेहमीसारखीच, प्रत्येकापुढे 'माननीय'. आणि खाली तारीख.

गल्लीत त्यांना सगळे कोनशिलाकाका म्हणत. चाळीस वर्षांत शाळा, पूल, पाण्याची टाकी, स्टँड, जे जे बांधलं गेलं आणि जे जे नुसतंच बांधायचं ठरलं, त्या सगळ्यांचे दगड याच पत्र्याच्या शेडमधून गेले होते. त्यांची एक ठरलेली रीत होती. दगड आखून झाला की ते सगळ्यात आधी खालची तारीख कोरत. नवशिक्या कारागिरांना ते उलटं वाटे, पण त्यामागे अक्कलहुशारी होती. नावांचा घोळ शेवटच्या घटकेपर्यंत चालायचा. कुणाचं वर, कुणाचं खाली, कोण रुसलं, कोण पक्ष सोडून गेलं, हे दगड भिंतीत बसेपर्यंत ठरायचं नाही. "नावं बदलतात गं, तारीख बदलत नाही," असं ते बायकोला सांगत.

बायको त्यांची अर्धी कारागीर होती. कोरून झालं की बारीक ब्रशने अक्षरांत काळा रंग भरायचं काम तिचं. रंग भरायचा, वरचा रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, पुन्हा भरायचा. त्यात तिची दोन्ही हातांची बोटं कायम काळी. एकदा मतदानाच्या दिवशी केंद्रावरच्या मास्तरांनी तिचं बोट बघून तिला परतच पाठवलं. "बाई, तुमचं मत झालंय!" ती म्हणाली, "अहो, शाई नाही ही, मंत्र्यांचा रंग आहे!" शेवटी रॉकेलचं फडकं मागवून तिथेच बोट घासून दाखवलं, तेव्हा कुठे मत देऊ दिलं. ही गोष्ट ती प्रत्येक निवडणुकीला नव्याने सांगायची आणि स्वतःच आधी हसायची. एकाही निवडणुकीत दोघांचं मत चुकलं नाही. पायाभरणी करणाऱ्यांनाही दिलं, मग त्यांना पाडून उद्घाटन करणाऱ्यांनाही दिलं.

"काका, काय विचार करताय? लावा की हात," कारकून म्हणाला.

"घासून देतो. नावंही कोरतो. तारीख नाही कोरणार."

"म्हणजे?"

"म्हणजे तारीख नाही कोरणार. जागा सोडतो. ज्या दिवशी डॉक्टर येऊन खुर्चीत बसेल त्या दिवशी बोलवा, भिंतीतल्या दगडावर उभ्याने कोरून देईन. फुकट."

कारकुनाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग काकांचा चेहरा बघून त्याला तसं वाटेना. "अहो, तारखेशिवाय कोनशिला कुठे असते का? मला घरी बसवतील ना! तुमचं कुणाशी काही वाकडं आहे का?"

काकांनी दगड लाकडी घोडीवर आडवा घेतला आणि दोन वर्षांपूर्वीच्या तारखेवरून फडकं फिरवलं. काळा रंग अजून शाबूत होता. बायकोचा हात सफाईचा होता, पण त्या दिवशी तो कापत होता. शेवटच्या आकड्याबाहेर रंगाचा एक ओघळ आला होता आणि तो पुसायचा राहून गेला होता.

"ही तारीख बघा," काका म्हणाले. "ही मी सहा महिने आधी कोरली. तुमच्या ऑफिसने ऑर्डरच तशी दिली होती. माझ्या बायकोच्या हृदयाची झडप खराब झाली होती. शहरातले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला नंबर लावू, तोवर मोठ्या दवाखान्याजवळ राहा, हिला तो कधीही लागेल. शहर इथून चार तास. लेक तिथेच राहते. तिने खोली रिकामी केली, कॉट टाकली, नवी चादर घातली. फोनवर फोन, बाबा, आईला कधी आणताय?"

कारकून स्टुलावरची बॅग मांडीवर घेऊन खाली बसला.

"हिला जायचं होतं हो. कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. मी म्हटलं, अगं, लेकीच्या दोन खोल्यांत कशाला अडचण करायची? सहा महिन्यांत आपल्याच गावात दवाखाना उघडतोय. तीस खाटा, हृदयाचा डॉक्टर, सगळं लिहिलंय. ती म्हणाली, सरकारचं काय खरं आहे? सरकारी काम, सहा महिने थांब! आणि मी तिला काय म्हटलं माहीत आहे?"

"काय?"

"म्हटलं, मी स्वतःच्या हाताने तारीख कोरलीय. दगडावर कुणी खोटं कशाला लिहील? काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ना, तसं. दगड पांढरा होता एवढाच काय तो फरक."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. कारकुनाने न बघताच हाताने त्याला थांबवलं.

"तिने पिशवी रिकामी केली. मी सांगितलं म्हणून. तारखेला उद्घाटन झालंही बरं का! टाळ्या झाल्या, भाषणं झाली. ती पहिल्या रांगेत बसली होती. सगळे गेल्यावर आम्ही आत गेलो, नंबर लावायला. आत खाटाही नव्हत्या. एक टेबल होतं, त्यावर भाषणवाल्यांचे चहाचे कप. वॉचमन म्हणाला, डॉक्टर पुढच्या महिन्यात येणार. आता तरी तिला घेऊन निघावं की नाही? नाही निघालो. म्हटलं, इतके दिवस थांबलो, एक महिना अजून. मग अजून एक. आणि एका दुपारी तिला धाप लागली ती थांबेना. शेजाऱ्याची जीप काढली. माझ्या खांद्यावर डोकं टेकून विचारत होती, अजून किती राहिलं? मी म्हणत होतो, आलंच. दीड तास मी आलंच, आलंच म्हणत होतो, भाऊसाहेब. तिचं विचारणं थांबलं तेव्हा अर्धा रस्ताही झाला नव्हता."

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. पुसूनही लावला नाही.

"लेक एका शब्दाने बोलली नाही मला. ती चादर तिने तशीच घडी करून ठेवलीय. बोलली असती तर बरं झालं असतं."

कारकुनाने मजकुराचा कागद उगाचच उलटसुलट करून पाहिला.

"सरकारवर राग येणारच, काका," तो म्हणाला.

"राग आहेच. यांना मत दिलं, त्यांना मत दिलं. दगडासारखंच उलटून पाहिलं, पालटून पाहिलं. पण त्यांना माझी बायको माहीत नव्हती. मला माहीत होती ना! थांब म्हणणारा मी होतो. आता तुम्ही म्हणता, अजून एक तारीख कोर. गावात अजून कुणी तरी असेलच पिशवी भरून बसलेलं. ते दगड वाचतील. अक्षर माझं असेल."

कारकून उठला. दारापर्यंत गेला, परत आला. "मी वर काय सांगू?"

"सांगा, म्हाताऱ्याचा हात थरथरतो, आकडे जमत नाहीत."

"बरं," कारकून म्हणाला. "जागा सोडा. कुणी विचारलं तर मी बघतो." आणि जाताना पहिल्यांदाच त्याने काकांना वाकून नमस्कार केला.

तो गेल्यावर काकांनी ग्राइंडर लावला. पण तारखेवर मशीन घालायला हात धजेना. ती त्यांनी मशीन बंद करून, पाणी टाकत, हाताने घासली. पाणी आधी काळं वाहिलं, मग राखाडी, मग दुधासारखं पांढरं. तिने भरलेला रंग गटारात गेला तेव्हा त्यांना भडभडून आलं. शेडमध्ये कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःला आवरलं नाही. "अगं, चुकलं माझं," असं ते मोठ्याने म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतके दिवस कुणापुढेच उच्चारलं नव्हतं.

मग डोळे पुसून चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वरून सुरुवात केली. नावं चोख कोरली. रंग आता त्यांनाच भरावा लागला, आणि तो जागोजाग अक्षराबाहेर गेला. खाली चार बोटं जागा कोरी राहिली.

ठरल्या दिवशी सकाळी मांडव भरला होता. मंत्र्यांनी पडदा ओढला, दगडासमोर उभं राहून फोटो काढले. अधिकारी होते, पुढारी होते, पत्रकार होते. दगडावर तारीख नाही हे एकाच्याही लक्षात आलं नाही. सगळ्यांनी आपापलं नाव तेवढं शोधलं आणि सापडल्यावर ते निवांत झाले. कारकून मागे उभा राहून रुमालाने मान पुसत होता. त्याने काकांकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली वळवली. भाषणात मंत्री म्हणाले, आम्हाला पुन्हा निवडून द्या, निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी डॉक्टर हजर! टाळ्या पडल्या. दोन वर्षांपूर्वी पडल्या होत्या तशाच.

तासाभरात मांडव रिकामा झाला. वॉचमनने दाराला कुलूप लावलं. काका फडकं घेऊन दगडाजवळ गेले, फोटोवाल्यांच्या हातांचे डाग पुसायला.

"आजोबा, जरा सांगता का?" मागून आवाज आला. तिशीचा एक माणूस होता, अंगावर गॅरेजचे तेलकट कपडे. त्याच्यामागे पायरीवर त्याची बायको बसली होती. चेहरा पिवळट, ओठांवर निळसर झाक, आणि नुसती बसूनही ती धापा टाकत होती. "दवाखाना नक्की कधी चालू होणार? मी सगळा दगड वाचला, पण तारीख काही दिसली नाही."

"हिला काय होतंय?" काकांनी विचारलं.

"हृदयाचं आहे. शहरात न्यायला सांगितलंय. पण तिथे राहायचं कुठे, खायचं काय? म्हटलं, भाषणात म्हणाले तसं निवडणुकीपर्यंत कळ काढू. महिना-दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. दोघांची मतं देऊ, डॉक्टर आले की पहिला नंबर लावू."

काका त्या बाईकडे बघत राहिले. तिच्या मांडीवर कपड्यांची पिशवी नव्हती, नुसताच रिपोर्टांचा लिफाफा होता. ती त्यांच्याकडे बघून हसली, उगाच, मोठ्या माणसाकडे बघून हसावं तशी.

"थांबू नका," काका म्हणाले.

"अं?"

"थांबू नका हो. आत्ता निघा. मत राहिलं तर राहू दे. माझी लेक आहे शहरात, दवाखान्याजवळच. तिच्याकडे एक खोली आहे, कॉट आहे. मी फोन करतो तिला." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, तेव्हा वॉचमनही वळून बघू लागला. "तुम्ही उभे काय राहिलात? गाडी बघा जा!"

तो माणूस गोंधळून बायकोकडे बघत राहिला, आणि मग खरंच रस्त्याकडे पळाला.

काका पायरीवर त्या बाईशेजारी बसले आणि त्यांनी फोन लावला. पलीकडून लेकीचा आवाज आला, "बोला ना, बाबा."

"अगं," काका म्हणाले. त्यांनी शेजारी बसलेल्या बाईकडे एकदा पाहिलं. "ती चादर काढून कॉटवर घाल."