राखेचं बेट

पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलच्या मागे, खाडीच्या काठाला, बॉयलरची राख टाकून टाकून एक टेकडी उभी राहिली होती. पावसाळ्यानंतर तिच्या चहूबाजूंनी पाणी साचायचं. मिलमध्ये ज्या रंगाचा कपडा, त्या रंगाचं पाणी. नववीच्या वर्गात बाई ज्वालामुखीच्या बेटाबद्दल सांगू लागल्या, तशी उज्ज्वला ताडकन उठली. "बाई, एक आमच्याकडंपण आहे!" वर्ग खो-खो हसला. वक्तृत्वात पहिली आल्यापासून ही पोरगी कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती. "हसा! रविवारी सहल काढते."

सहलीला वर्गातून आली एकटी मयुरी, तीही घरी 'शाळेत प्रदर्शनाची तयारी आहे' असं सांगून. तिचे वडील सुकलाल शाळेच्या नावानेच कातावायचे. नववीत घालतानाच त्यांनी बजावलं होतं, जरा काही झालं की नाव काढणार.

दोघी फळीवरून गुलाबी समुद्र ओलांडून गेल्या. एरंडाखाली बसून चिवडा खाल्ला. माथ्यावरून धूर निघत होता.

"ते बघ, ज्वालामुखीचं तोंड! चल."

"चटका बसेल गं."

"भित्री भागूबाई! ती राख ओली आहे, दिसत नाही?"

उज्ज्वलाची आई चुलीसाठी इथूनच अर्धा जळका कोळसा वेचायची. कोरडी राख गरम, ओली राख थंड, हे उज्ज्वलाला लहानपणापासून पाठ. पण ही राख त्याच सकाळी टाकलेली. मिलवाल्यांनी वरून नुसतं पाणी मारलं होतं. मयुरीने पाय ठेवला, वरची पापडी फुटली आणि पाय घोट्यापर्यंत निखाऱ्यात गेला.

तिची किंकाळी पार रस्त्यापर्यंत गेली. उज्ज्वलाने तिला ओढून काढलं. चपलेच्या पट्ट्याबरोबर कातडी सोलून आली होती. तिला पाठुंगळी घेऊन उज्ज्वला धावत सुटली.

"घरी खरं सांगू नको गं," मयुरी कण्हत होती, "पप्पा शाळा बंद करतील." उज्ज्वलाने होकाराची मान हलवली. तिलाही हे लपवायचंच होतं.

मयुरीच्या घरी पोचल्या, तर दारातच सुकलाल. पाय बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "काय व्हयनं वं, पोरी?"

"शाळेत… गरम पाणी सांडलं," मयुरी म्हणाली.

"शाळामा?" सुकलाल गरजले. "पोरीस्ले जाळी टाकतीस का तठे? बस! उद्यापासून शाळा बंद!"

मयुरीने डोळे गच्च मिटले. उज्ज्वला अजून उंबऱ्यातच उभी होती. काही न बोलता घरी जाता आलं असतं.

"शाळेत नाही, काका. राखेवर. मी नेलं. ती नको म्हणत होती."

सुकलालनी हात उगारला, पण तो तसाच खाली आला. पोरीला उचलून ते रिक्षाकडे निघाले. उज्ज्वला मागोमाग धावली.

"तू नको येऊ," ते वळून न बघता म्हणाले. "ती शाळेत जाईल. पण तुझ्याबरोबर नाही. आमच्या दारात पाय ठेवू नको."

रिक्षात मयुरीने तोंड फिरवून घेतलं. दोघींचं खरं न सांगायचं ठरलं होतं, आणि उज्ज्वलाने शब्द मोडला होता.