तीन वाव

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "फुली मारलेला नकाशा आहे का हो?" मी विचारतो, "फुली मारणाऱ्याने माल तुमच्यासाठी ठेवला असेल का?" निम्मे तिथूनच मागे फिरतात. फिरू देत. बुडालेली जहाजं शोधायला निघालेल्यांना मी पुस्तकं आणि कागद विकतो. माझ्याकडे बंदरांच्या आवक-जावक नोंदींच्या नकला आहेत, विम्यावाल्यांच्या बुडीत मालाच्या याद्या आहेत, वाचलेल्या खलाशांनी कोर्टात दिलेल्या जबान्या आहेत, शंभर वर्षांचे भरती-ओहोटीचे तक्ते आहेत, आणि नकाशे तर भिंत दिसू नये इतके. खजिना पाण्यात नसतो, दप्तरात असतो, हे मी तीस वर्षं सांगत आलो. तोंडाने मी फटकळ, ते मान्य. पण माझ्या नकाशात चूक सापडत नाही, असं सगळं बंदर म्हणायचं. बंदराचं कशाला, मीच म्हणायचो.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला रद्दीवाला आला. कुठल्याशा निवृत्त मोजणी अधिकाऱ्याचं घर रिकामं झालं होतं, त्यातला गठ्ठा त्याने टेबलावर आपटला. धुळीने मला शिंका आल्या.

"बघा, तुमच्या कामाचं काही आहे का. नाहीतर भेळवाल्याला देतो."

"तुझ्याकडे राहिलं तरी वाया, त्याला दिलं तरी वाया," मी म्हटलं आणि सुतळी सोडली.

तिसराच कागद माझ्या ओळखीचा निघाला. बेटापलीकडच्या खडकांच्या माळेचा जुना नकाशा. सरकारी नव्या नकाशात ती जागा कोरी पांढरी आहे, तिथे परत कुणी मोजणी केलीच नाही. मला वाटत होतं जगात या नकाशाची एकच प्रत उरलीय, आणि तिची झेरॉक्स माझ्याकडे आहे. डाव्या बाजूचा कोपरा फाटलेली, सगळीकडे बारीक काळे ठिपके पडलेली. म्हाताऱ्या कागदाला पडतात तसे डाग, झेरॉक्समध्ये शाई काळी आणि डागही काळेच येतात. मी त्या झेरॉक्सवरून महिनाभर खपून स्वच्छ नक्कल काढली होती. एकेक डाग वगळून.

आणि या अख्ख्या, कोऱ्या करकरीत प्रतीवरही तेच ठिपके होते. त्याच जागी. खडकांच्या भोवतीने, ओळीने, एका ठिपक्याचाही फरक नाही.

डाग दोन कागदांवर एकाच जागी पडत नाहीत. मला ते कळायला क्षण लागला. मी डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. माझ्या झेरॉक्सवर तिथे एकच ओळ शिल्लक होती, "खोलीचे आकडे वावांत." या प्रतीवर खाली दुसरी ओळ होती. "ठिपक्यांच्या भागात फुटांत."

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. सहा फूट. खडकांच्या माळेत एक खिंड आहे, तिच्यात नकाशावर तीनचा आकडा आहे. मी शिकवलं होतं, तीन वाव, म्हणजे अठरा फूट पाणी, बैलगाडी हाकावी तशी बोट आत घाल. तिथे पाणी तीन फूट होतं. त्या दिवसाच्या छोट्या भरतीने फार तर फूटभर वाढणार होतं. बोटीला पाच फूट लागतं.

"काय झालं?" रद्दीवाला म्हणाला. "पांढरेफटक पडलात."

"टिटवी गेली," मी म्हणालो. "पहाटे सहाला, माझी नक्कल घेऊन."

टिटवी माझी भाची. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गेली तेव्हा ही सहा वर्षांची. याच दुकानात कागदांच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठी झाली. आवाज असा की शेजारचा घड्याळजी भिंत ठोकायचा, म्हणून टिटवी. मी तिला चिडवायचो की टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात, बघू तू काय आटवतेस. ती मोठी होऊन पाणबुडी झाली, खोल बुड्या मारणारी. मला बोटीत पाय ठेवला की पोटातलं बाहेर येतं, म्हणून मी कागदावर शोधायचं आणि तिने पाण्यात, अशी आमची वाटणी. तीन डोलकाठ्यांचं एक बुडालेलं जहाज मी बावीस वर्षं शोधत होतो. सगळे खडकांच्या बाहेर बुड्या मारायचे. त्याच्या कप्तानाच्या जबानीवरून मी एकट्यानेच ताडलं होतं की लाटेने ते उचलून आतल्या शांत पाण्यात टाकलं असणार. भरती दोनला पूर्ण होती, तेव्हा खिंडीतली ओढ थांबते. टिटवी आणि बोटवाला, दोघंच, दोनला खिंडीतून आत शिरणार होते. हे सगळं तिने माझ्यासाठी चालवलं होतं, तिला स्वतःला त्या जहाजाचं काही पडलेलं नव्हतं.

फोन लावला. लागणार नव्हताच. मी चपला न घालता बंदर कचेरीकडे धावलो. माझे गुडघे गेली पाच वर्षं जिना चढताना रडतात, त्या दिवशी कुठे गेली होती ती दुखणी कोण जाणे. रद्दीवाला मागून नकाशा घेऊन धावत होता.

रेडिओच्या खोलीत एक बाई बसते. कानाला यंत्र, हातात पेन, समोर वही. मी काय बोललो ते तिला कळलंच नाही.

"काका, आधी बसा. बोट कुठली?"

मी सांगितली. तिने वहीत बोट फिरवलं. "ही तर उत्तरेला गेलीय. मासेमारी, असं लिहून दिलंय."

"ते खोटं आहे."

"खोटं कुणी लिहिलं?"

"तिनेच लिहिलं. मी लिहायला सांगितलं."

बाईने माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कुठला दिवस असता तर मी चार शब्द सुनावले असते. पण त्या दिवशी तोंड होतं कुठे! आमच्या धंद्यात जागा कुणाला सांगायची नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा, रेडिओवर कुणी काहीही म्हणो, विश्वास ठेवायचा नाही. हा धडा मी खेकड्यावरून घेतला होता. खेकडा म्हणजे आमच्या बंदरातला दुसरा खजिनेवाला, चालतो तिरका आणि वागतो त्याहून तिरका. एकदा त्याने एका पाणबुड्याला रेडिओवरून निरोप दिला होता, तुझी आई सिरीयस आहे, लगेच ये. बिचारा धावत आला, आई घरी पोळ्या लाटत होती, आणि खेकडा त्याच्या जागेवर नांगर टाकून बसला होता. तेव्हापासून मी टिटवीला घोकून घोकून सांगितलं होतं की माझ्या नावानेही कुणी परत फीर म्हणालं तरी फिरायचं नाही.

"जागा सांगा," बाई म्हणाली. "मोठ्याने बोलावं लागेल. सगळ्या बोटी ऐकतील."

बावीस वर्षं पोटात ठेवलेली जागा मी तिला अक्षांश-रेखांशासकट सांगितली. खेकडा ऐकतोय का, हा विचारही शिवला नाही. खरं सांगतो, त्या जहाजाला त्या क्षणी आग लागली असती तरी मी वळून बघितलं नसतं.

बाईने हाका मारायला सुरुवात केली. बोटीचं नाव, तीनदा, मग थांबायचं. परत तीनदा. घड्याळात पाऊण वाजला. एक वाजला, दीड वाजला. टिटवी रेडिओ चालू ठेवते पण बोलत नाही, तेही मीच शिकवलेलं. कुणीतरी बोटवाल्याच्या बायकोला सांगितलं असावं, ती येऊन दारात उभी राहिली. ओले हात पदराला पुसत होती. तिने मला एकच विचारलं, "पाणी कमी आहे का तिथे?" मी हो म्हणालो. ती तिथेच खाली बसली.

"तुम्हीच बोला," बाई शेवटी म्हणाली आणि माईक माझ्या हातात दिला. "हे बटण दाबून ठेवायचं. सोडलं की ऐकायचं."

मी बटण दाबलं. "टिटवे. टिटवे, मी मामा. खिंडीत जाऊ नकोस. तिथे तीन फूट पाणी आहे, तीन वाव नाही. ते ठिपके डाग नव्हते गं. मागे फीर. माझी चूक झाली."

सोडलं. खरखर आली, आणि मग तिचा आवाज, इतका स्पष्ट की बोटवाल्याची बायको उठून उभी राहिली.

"वा, खेकडेकाका! आवाज झकास काढलात हो. मामासारखाच."

"टिटवे, मीच आहे! देवाशपथ मीच!"

"माझी चूक झाली म्हणे. तिथेच फसलात काका. माझा मामा एक वेळ समुद्र पिऊन टाकेल, पण 'माझी चूक झाली' म्हणणार नाही. तुम्ही त्याला ओळखत नाही."

मागे एक पुरुषी आवाज काहीतरी बोलला, तो बोटवाला असणार. शब्द कळले नाहीत.

"शिव्या द्या तिला," बाई माझ्या कानात म्हणाली. "रोज कसे ओरडता, तसं ओरडा. ओळखेल."

मला ते सुचायला हवं होतं. गाढवे, अक्कल गहाण टाकलीस का, असं मी तिला दिवसातून दहा वेळा म्हणतो. मी बटण दाबलं आणि तोंड उघडलं. शिवी आलीच नाही. हुंदका आला. साठ वर्षांचा बाप्या मी, भर कचेरीत रडायला लागलो, आणि बटणावरचं बोट मला उचलता येईना. "नको जाऊस गं बाळा, पाया पडतो तुझ्या, नको जाऊस," एवढंच म्हणत राहिलो. बाईने माझं बोट ओढून काढलं.

टिटवी हसत होती. "रडतायसुद्धा! शाब्बास काका. दोन वाजत आले, निघतो आम्ही. जहाज सापडलं की तुमच्या तोंडावर नाणं फेकून मारीन." खट्ट आवाज झाला. तिने रेडिओ बंद केला.

बाई परत हाका मारायला लागली. मधेच दुसरा आवाज आला, खरा खेकडा. "मी दक्षिणेच्या टोकाला आहे. ऐकलं सगळं. तो म्हातारा खरंच रडत होता का हो?"

"खरंच," बाई म्हणाली.

"मग निघालो. तासभर लागेल." त्याने दुसरं काही विचारलं नाही.

तो तास मी कसा काढला ते विचारू नका. रद्दीवाल्याने पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं. बोटवाल्याच्या बायकोने नकाशा मांडीवर घेतला होता आणि ठिपक्यांवरून बोट फिरवत होती. तिला वाचता येत नव्हतं. मी तिला म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं." तिचं बोट ठिपक्यांवरून फिरतच राहिलं.

तीनला दहा कमी असताना खेकडा बोलला. बोट खिंडीत फुटलीय, पुढचा भाग वर आलाय. पोरगी खडकावर आहे, पाय मोडलाय, पण शुद्धीवर आहे. तिला घेतली. बोटवाला दिसत नाही. लाटा आत मारतायत, आणखी दोन फेऱ्या मारतो.

मग टिटवीचा आवाज आला. दात वाजत होते तिचे.

"मामा, तू आहेस तिथे?"

"आहे गं."

"मामा, माझंच काहीतरी चुकलं. खिंड नीट धरली नाही मी, एका बाजूला गेले असेन. तुझा नकाशा बरोबरच आहे. तू ओरडू नकोस हं."

मी भिंतीला टेकलो. बाई माझ्याकडे बघत होती. ही पोरगी मोडका पाय घेऊन माझी चूक अंगावर घेत होती, आणि गप्प बसलो असतो तर घेऊनही टाकली असती तिने, जन्मभरासाठी. मी बटण दाबलं.

"नाही टिटवे. नकाशाच चुकला. ते फूट होते. मी डाग समजून पुसले."

मी बटण सोडलं. मग ती म्हणाली, "म्हणजे मघाशी रडत होता, तो तू होतास?"

"मीच होतो."

"आपला बोटवाला म्हणाला होता, मामा," ती म्हणाली. आवाज टिटवीचा राहिलाच नव्हता. "तो म्हणाला, हा माणूस खरं बोलतोय, फिरू या मागे. त्याने सुकाणू वळवलंसुद्धा होतं. मीच त्याचा हात धरला."

बोटवाल्याची बायको माझ्या मागेच उभी होती. तिने पुढे येऊन माईककडे हात केला, आणि मी तो तिच्या हातात दिला.