इंजिनाच्या जागी भिंगरी

आजोबांच्या गाडीचं इंजिन मेलं तेव्हा आजोबा दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधून पडले होते, आणि तेवढी एकच गोष्ट बाबांच्या बाजूने होती. बाकी सगळं त्यांच्या विरुद्ध होतं. गाडी त्यांनी न विचारता नेली होती. ऑइल किती आहे ते बघायचं सोडून आरशात स्वतःचे केस बघितले होते. चढावर मधोमध इंजिन असं काही किंचाळलं की रस्त्याकडेची तीन कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत राहायला गेली. मग ते कायमचं गप्प झालं.

मेकॅनिककाकांनी मागचं झाकण उघडलं. (ही गाडी इतकी जुनी आणि इतकी गोल होती की तिचं इंजिन मागे आणि डिकी पुढे.) आत हात घातला, बाहेर काढला आणि फडक्याला पुसत म्हणाले, "गेलं."

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे पिस्टन जाऊन सिलिंडरला चिकटलाय. हे पार्ट बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. दुसरं काहीतरी बसवावं लागेल."

बाबा टायरला टेकून खालीच बसले. बसण्यासारखंच होतं. आजोबांनी सगळ्या घरासमोर सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी या गाडीत दुसरं इंजिन बसेल, त्या दिवशी गाडी भंगारात." आणि आजोबा शब्दाचे कसे पक्के, तर एकदा रागाच्या भरात 'पुन्हा साखर खाणार नाही' म्हणाले, त्याला अकरा वर्षं झाली. राग कशाचा होता ते आता कोणालाच आठवत नाही, त्यांनाही नाही. पण साखर बंद ती बंदच.

यात भिंगरीचं काय जाणार होतं? सगळंच. भिंगरी म्हणजे या घरातली एकुलती एक पोर. वय चौदा, अंगाने काडी, तोंडाने तोफ. ती सहा वर्षांची असताना आजोबा म्हणाले होते, "अठरा पूर्ण कर, किल्ली तुझी." तेव्हापासून ती दिवस मोजत होती. गाडी भंगारात गेल्यावर त्या किल्लीने काय कपाट उघडायचं?

"विजेची मोटार बसवू," मेकॅनिककाका म्हणाले. "कुकरएवढी असते. बॅटऱ्या पुढच्या डिकीत. क्लच, गिअर सगळं जुनंच ठेवतो. साहेबांच्या हातापायांना पत्ता लागणार नाही."

"आणि कानांना?" आईने विचारलं.

आजोबांचे कान ही घरातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट होती. दोन खोल्या पलीकडे कोणी बरणी उघडली तर कोणती बरणी, किती हावरटपणे, हे ते जागेवरून सांगायचे. आणि गाडीचा आवाज तर त्यांना तोंडपाठ. घुडूक, घुडूक, घुडूक, फट्. दर चौथ्याला फट्. तिसऱ्या गिअरला बारीक शीळ. बंद केल्यावर एक लांब उसासा.

"मोटारीला आवाजच नसतो," मेकॅनिककाका म्हणाले. "ते काही माझ्या हातात नाही."

भिंगरी तेवढ्यात, निव्वळ कंटाळा आला म्हणून, भिंतीला टेकून पुटपुटली, "घुडूक, घुडूक, घुडूक, फट्."

बाबा ताडकन उठले आणि गाडीकडे वळले. "सुरू झाली?"

मेकॅनिककाका मात्र गाडीकडे बघत नव्हते. ते आधी भिंगरीकडे बघत होते, मग मागच्या झाकणाखालच्या रिकाम्या जागेकडे, मग पुन्हा भिंगरीकडे. माप घेत असावेत.

"नाही," आई म्हणाली.

"उशी घालू," बाबा म्हणाले.

सोमवारी जुनं इंजिन उतरलं, मंगळवारी मोटार बसली, बुधवारी भिंगरी बसली. झाकणाला हवेसाठी जाळी होतीच. आईने खाली जुनी गादी दुमडून घातली आणि जाताजाता बाबांना म्हणाली, "उद्या वायपर मोडला तर मला काचेवर बसवा."

मग ट्यूनिंग. मेकॅनिककाकांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक भिंगरीच्या खांद्याला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटले. "दे रेस."

भिंगरीने रेस दिली.

"तीन नंबर मिस होतोय. फट् चौथ्याला यायला हवा, तू घाईत तिसऱ्यालाच देतेस. सावकाश. अगं, आयडलिंगला, गाडी उभी असताना, इतका उत्साह नको, जुनं इंजिन आहेस तू. बत्तीस वर्षं चाललेलं. जरा दमलेली वाट."

दमलेली वाटणं भिंगरीला अजिबात जमत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते तिला गृहपाठ आठवून आठवून जमवावं लागलं.

शनिवारी आजोबा घरी आले, काळा चष्मा काढला आणि म्हणाले, "किल्ली." बाबांनी ती शर्टाला पुसून दिली. आजोबा बसले, किल्ली फिरवली. एक क्षण काहीच झालं नाही, कारण इंजिन नाक पुसत होतं. मग मागून आवाज आला: घुडूक, घुडूक, घुडूक, फट्.

आजोबा थोडा वेळ ऐकत राहिले. "बरं चाललंय," ते म्हणाले आणि गाडी घेऊन गेले.

पेट्रोलचा काटा मेकॅनिककाकांनी अर्ध्यावर चिकटवून टाकला होता, आणि पेट्रोल भरतो म्हणून बाबा गाडी नेऊन बॅटऱ्या चार्ज करून आणायचे. खरी अडचण शाळेची. गाडी दुपारी चारच्या आत सुरूच व्हायची नाही. सीटखाली एक छुपं बटण होतं, ते बाबा सकाळी बंद करून ठेवायचे. आजोबांनी मेकॅनिककाकांना बोलावून जाब विचारला.

"काय रे, सकाळी हिला काय होतं?"

"वय झालं की सकाळी जड जातं, साहेब."

"माझंही वय झालंय. मी पाचला उठतो."

"तुम्ही उठता. तुम्हाला कोणी ढकलून बघितलंय का?"

आजोबांनी ते मान्य केलं. भूगोलाच्या चाचणीच्या आदल्या दिवशी गाडी सुरूच झाली नाही. सहलीच्या दिवशीही नाही. रविवारी मात्र सकाळपासून तय्यार, आणि डब्यासकट.

आणि खोटं कशाला सांगायचं, भिंगरीला ते चढलं होतं. शाळेत फळ्यासमोर बोलावलं की जी बाकाखाली पेन्सिल शोधायला लागायची, ती आता भर चौकात चौथ्या गिअरला जात होती. वळणावर ती थोडी जास्तच घुमायला लागली. ओव्हरटेक करताना शेवटी एक ऐटबाज 'घुर्र' घालायला लागली, जी मूळ इंजिनात कधीच नव्हती. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने विचारलं, "काय मस्त आवाज आहे हो, कोणतं इंजिन?" आजोबा म्हणाले, "घरचंच आहे." भिंगरी आत इतकी फुगली की गिअर बदलायलाच विसरली.

असे सात आठवडे गेले. आठव्या रविवारी भिंगरीला सर्दी झाली. आई नको म्हणत होती, पण इंजिनाने ऐकलं नाही. नेमका तोच चढ आला. दुसरा गिअर, सगळ्यात लांब श्वासाचा. घुडूक, घुडूक, घुडूक आणि फट्च्या जागी एक जबरदस्त शिंक. मग खोकला. मग काहीच नाही. गाडी मोटारीवर तशीच वर चढत राहिली, बिनआवाजाची.

आजोबांनी ती कडेला घेतली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. मग पावलं मागे आली. भिंगरीने डोळे गच्च मिटले. डोळे मिटलेलं इंजिन कदाचित इंजिनासारखं दिसेल, अशी काहीतरी आशा असावी.

झाकण उघडलं.

"हे इंजिन हवेवर गार होतं," आजोबा म्हणाले. "बत्तीस वर्षांत मी यात थेंबभर पाणी घातलं नाही. आज घालतो. घे."

भिंगरीने बाटली घेतली आणि अर्धी संपवली. "कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. तुझी निळी रिबीन झाकणातून बाहेर लोंबत होती. ऑपरेशनमुळे मला हल्ली फार लांबचं दिसतं."

घरातल्या सगळ्यांनी त्यांच्या कानांची धास्ती घेतली होती. ते डोळे दुरुस्त करून घेऊन आले होते, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"झाकण उघडून बघितलं नाही तोवर मला कुठे माहीत होतं? आणि माहीत झालं की गाडी भंगारात. शब्द दिलाय मी."

"मग आता का उघडलंत?"

"तू गप्प झालीस म्हणून."

आजोबांचा चेहरा अकरा वर्षांपूर्वी साखरेचा डबा दूर सरकवताना झाला होता तसा झाला. गाडी गेली, किल्ली गेली, सगळं गेलं. पण सात आठवडे भर रस्त्यात ओरडलेली पोर आता फळ्यापुढची पोर राहिली नव्हती. ती नाक पुसून गादीवर ताठ बसली.

"आजोबा, तुम्ही काय म्हणाला होतात? ज्या दिवशी दुसरं इंजिन बसेल, त्या दिवशी."

"हो."

"मोटार मंगळवारी बसली. तो मंगळवार गेला. तुम्ही दवाखान्यात होतात."

आजोबांनी बोटांवर वार मोजून बघितले. एक ट्रक चढून गेला, मग दुसरा. "पुढच्या मंगळवारी भंगारात देता येईल," ते शेवटी म्हणाले, पण मनापासून नाही.

"त्या दिवशी म्हणाला होतात. कुठल्याही मंगळवारी नाही."

"हं." त्यांनी झाकणाची कडी दोनदा उघडझाप करून बघितली. "मग तो दिवस हुकलाच म्हणायचा."

चढाच्या माथ्यावर एका बंद गोदामाचं मोकळं आवार होतं. तिथे आजोबा उतरून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "किल्ली अठराला म्हणजे अठरालाच. ती माझ्याच हाताने फिरवणार. पण स्टिअरिंगबद्दल मी कधी काही बोललेलो नाही."

भिंगरी मागून उतरून स्टिअरिंगपुढे बसली. इथून सगळं फारच उंच आणि उजेडाचं दिसत होतं. आजोबांनी किल्ली फिरवली, तिने क्लच सोडला, आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने, एकही शब्द न बोलता, गोदामाला वळसा घालू लागली. अर्ध्या फेरीपर्यंत आजोबांनी ते सहन केलं. मग त्यांनी खिडकीबाहेर बघत घसा साफ केला.

"घुडूक," ते म्हणाले, "घुडूक, फट्."

"तीन नंबर मिस होतोय, आजोबा," भिंगरी म्हणाली. "सावकाश."